पंपहाऊस आणि जलकुंभांसाठी औद्योगिक सेल्युलर राउटर: नेमका कोणता घ्यावा?

वागळे_वायर
नमस्कार मंडळी. वागळे इस्टेटमध्ये आमचं ऑटोमेशनचं छोटं दुकान आहे. एका पालिकेच्या पाणीपुरवठ्याचं काम उपकंत्राटाने आलंय. घोडबंदर रोडपासून कळवा-दिव्यापर्यंत विखुरलेले जलकुंभ, बूस्टर पंप आणि मलनिःसारणाची काही पंपिंग स्टेशनं, सगळी मिळून ४६ साइट. प्रत्येक ठिकाणी पीएलसी (पंप चालवणारा छोटा औद्योगिक संगणक) आहे. पाण्याची पातळी, फ्लोमीटरचं रीडिंग आणि पंपांची स्थिती कंट्रोल रूमला आणायची, शिवाय तिथून पंप चालू-बंद करता यायला हवेत. सध्या थोड्या ठिकाणी जुने जीपीआरएस मोडेम आहेत, बाकी ठिकाणी ऑपरेटर फोन करून पातळी सांगतो.

कन्सल्टंटने स्पेकमध्ये 'प्रायव्हेट एलटीई/५जी रेडी, इंडस्ट्रियल ग्रेड, ड्युअल सिम' एवढं लिहून हात झटकलेत. आलेल्या कोटेशनांत सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात महाग राउटरच्या डब्यात जवळपास दहापट फरक आहे, आणि ब्रोशरवरची विशेषणं मात्र तीच.

४जी की ५जी? ड्युअल सिमचा खरंच उपयोग होतो का? आणि हे 'प्रायव्हेट' म्हणजे आपलं स्वतःचं नेटवर्क की कंपनीचं प्रायव्हेट एपीएन (मोबाइल कंपनीच्याच नेटवर्कमधला आपल्यापुरता बंद रस्ता)? ज्यांनी प्रत्यक्ष बसवलंय त्यांनी सांगा. ब्रोशर माझ्याकडे भरपूर आहेत.

तीन_हात_नाका
सिग्नल म्हटलं की आम्हाला फक्त लाल दिसतो. पास.

पारसिक_बोगदा
आधी डेटा किती ते बघा. एका साइटवरचे सगळे मॉडबस रजिस्टर (मॉडबस या औद्योगिक भाषेत पीएलसीतून वाचायचे आकडे) एकत्र केले तरी काहीशे बाइट. दर पाच सेकंदांनी वाचले तरी एलटीई (४जी) कॅट १ या वेगाच्या वर्गाला (डाउनलोड १० एमबीपीएस, अपलोड ५) घाम फुटत नाही. कॅट ४ (१५० आणि ५०) घेतलात तर पुढे एखादा कॅमेरा बसेल. पाण्याची पातळी कळायला ५जी कशाला? टाकी एवढ्या वेगाने भरत नाही.

वागळे_वायर
@पारसिक_बोगदा कॅमेरे 'भविष्यात' आहेत असं बीओक्यूत (कामाच्या परिमाणपत्रकात) लिहिलंय.

पारसिक_बोगदा
मग राउटरही भविष्यात घ्या. :)

अनु_ऐरोली
मी आरएफमध्ये (रेडिओ लहरींच्या क्षेत्रात) काम करते, म्हणून जरा लांबण लावते.

ब्रोशरवर '४जी एलटीई' लिहिलंय म्हणून डबा आपल्याकडे नीट चालेलच असं नाही. त्याच मॉडेलचे अमेरिका, युरोप, आशिया असे वेगवेगळे प्रकार असतात, आणि मॉडेल नंबरच्या शेवटच्या दोन-तीन अक्षरांत सगळी मेख असते. आपल्याकडे बँड ३ (१८०० मेगाहर्ट्झ), ५ (८५०), ८ (९००), १ (२१००), ४० (२३००) आणि ४१ (२५००) बघा. ५जी हवंच असेल तर एन७८ आणि एन२८ हे बँड, शिवाय एसए (निव्वळ ५जी) आणि एनएसए (४जीच्या आधारावरचं ५जी) दोन्ही चालतं का ते विचारा, कारण जिओचं ५जी एसए आहे आणि एअरटेलने सुरुवात एनएसएवर केली.

तुमच्या कन्सल्टंटचं 'प्रायव्हेट एलटीई रेडी' बहुधा परदेशी कागदातून उचललेलं आहे. अमेरिकेत वीज कंपन्यांसाठी दोन गोष्टी गाजतात. एक सीबीआरएस, म्हणजे बँड ४८, ३५५० ते ३७०० मेगाहर्ट्झ. दुसरी ९०० मेगाहर्ट्झमधली ३+३ मेगाहर्ट्झची पट्टी, जी एफसीसीने (तिथल्या दूरसंचार नियामकाने) २०२० साली ब्रॉडबँडला मोकळी केली. जर्मनीत ४५० मेगाहर्ट्झ २०२१ पासून वीज-पाणी अशा अत्यावश्यक सेवांसाठी राखलंय, त्याचा बँड ७२. हे सगळं त्या-त्या देशात उत्तम चालतं. बँड ४८ चे पैसे मोजून तो डबा तुम्ही कोलशेतच्या टाकीवर लावलात तर तो बँड नुसता बसून राहील.

आणखी एक, जे कुणी सांगत नाही. राउटर अडकला की एसएमएस पाठवून रीबूट करायची सोय बऱ्याच जणांना हवी असते. जिओला मागे २जी-३जी नाही, तिथे एसएमएस आयएमएसवरून (४जीच्या डेटावरून) येतो. मोडेमच्या फर्मवेअरला ते जमत नसेल तर तुमचा एसएमएस कुठेच पोचणार नाही. टेबलवर सिम घालून तपासा, मग ऑर्डर द्या.

दिघा_दर्शन
+१. वाचनखूण साठवली.

फाईल_क्रमांक
कागदाची बाजू मी सांगतो, कारण शेवटी बिल तिथेच अडकतं.

स्वतःचं खाजगी नेटवर्क म्हणजे दूरसंचार खात्याच्या भाषेत सीएनपीएन. जून २०२२ मध्ये त्याची मार्गदर्शक तत्त्वं आली. टेलिकॉम कंपनीकडून करून घ्या, तिच्याकडून स्पेक्ट्रम भाड्याने घ्या किंवा खात्याकडून थेट मागा, असे मार्ग त्यात आहेत. बंदर, रिफायनरी, मोठा कारखाना अशा एका कुंपणाच्या आतल्या जागेला ते शोभतं. अर्ध्या शहरात पसरलेल्या ४६ टाक्यांसाठी स्वतःचे टॉवर कोण उभे करणार?

तुम्हाला हवंय ते प्रायव्हेट एपीएन आणि एम२एम (यंत्र ते यंत्र) सिम. त्यांचे नंबर १३ आकडी असतात. अशा सिमवर डेटा ठरलेल्या एपीएन-आयपीपुरता आणि एसएमएस ठरलेल्या नंबरांपुरताच चालतो, हे आधीच जमेस धरा. नाहीतर अनुताईंचा रीबूटचा एसएमएस तुमच्या स्वतःच्या मोबाइलवरून जाणारच नाही.

डब्यासाठी टीईसी या दूरसंचार खात्याच्या तांत्रिक संस्थेचं एमटीसीटीई प्रमाणपत्र आणि वायरलेससाठी डब्ल्यूपीसी या त्याच खात्याच्या स्पेक्ट्रम विभागाची ईटीए ही मंजुरी, दोन्ही त्याच मॉडेल नंबरची मागा. 'सेम सीरिज आहे सर' हे उत्तर चालत नाही.

मुरबाड_रिटर्न
@फाईल_क्रमांक एवढ्या घाईने खाजगी नेटवर्क मोडीत काढू नका. १२ ऑक्टोबर २०२० आठवतंय का? कळवा-पडघ्याच्या ४०० केव्ही यंत्रणेत बिघाड झाला आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबई सगळीकडे सकाळीच लाईट गेली. मोबाइल टॉवर बॅटरीवर चालतात, आणि ती बॅटरी किती टिकेल हे तुमच्या करारात कुठेही नसतं. त्यात सगळं शहर फोनला चिकटलेलं. ज्या दिवशी पंपांवर लक्ष ठेवायची सगळ्यात जास्त गरज, नेमकं त्याच दिवशी तुमचं नेटवर्क इतर हजारोंच्या रांगेत उभं. बाहेरच्या वीज कंपन्या स्वतःचा स्पेक्ट्रम हौस म्हणून घेत नाहीत.

फाईल_क्रमांक
तत्त्वतः मान्य. पण लाईट गेल्यावर पंपही बंदच असतो ना? नेटवर्क जिवंत ठेवून बंद पंपाची खबर मिळवायची?

मुरबाड_रिटर्न
मलनिःसारणाच्या स्टेशनवर जनरेटर असतो. तो चालू झाला की नाही, विहिरीत पाणी किती चढलं, हे लाईट गेल्यावरच बघायचं असतं. भर पावसात, भरतीच्या वेळी दिव्याच्या बाजूला उभं राहून बघा एकदा.

फाईल_क्रमांक
हा मुद्दा बिनतोड. मलनिःसारणाच्या साइट वेगळ्या धरायला हव्यात.

कोपरखैरणे_काका
बराच वेळ वाचतोय. नोकरीची सगळी वर्षं सबस्टेशन आणि पंपहाऊसांत गेली, आता घरी बसून असले धागे वाचतो. तुम्ही लोक बँड आणि परवान्यांवर भांडताय, आणि डबा मरतो तो भलत्याच कारणांनी.

पहिलं, उष्णता. पत्र्याचं पॅनेल, पश्चिमेचं ऊन, आत व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह). मे महिन्यात आतलं तापमान ६० च्या वर सहज जातं. ब्रोशरवर उणे ४० ते अधिक ७५ लिहिलेलं असतं. उणे ४० आपल्याला शहापूरलाही लागत नाही, वरचा आकडा मात्र नीट वाचा. कधीकधी तळटीप असते की ७५ अंश फक्त वायफाय बंद असताना. आणि राउटर ७५ सोसत असेल तरी सोबत दिलेला प्लगमधला अडॅप्टर ४० चाच असतो. तो फेकून द्या आणि डीआयएन रेलवरचा २४ व्होल्टचा सप्लाय लावा.

दुसरं, वीज. पंपहाऊसमध्ये ७५ अश्वशक्तीची मोटर सुरू होताना व्होल्टेज आपटतं आणि राउटर रीबूट होतो. मग दिवसात जेवढ्या वेळा पंप सुरू, तेवढ्या वेळा कंट्रोल रूमला साइट 'ऑफलाइन', आणि सगळे सिमकार्ड कंपनीला शिव्या देतात. ९ ते ३६ व्होल्ट इनपुट आणि मागे २४ व्होल्टची छोटी बॅटरी असेल तर हा विषयच मिटतो. सबस्टेशनमध्ये ११० व्होल्ट डीसी मिळते म्हणून थेट तिला जोडायला जाऊ नका, मध्ये कन्व्हर्टर लागतो. तिथे डबाही आयईसी ६१८५०-३ किंवा आयईईई १६१३ (सबस्टेशनसाठीची मानकं) वाला लागतो. पाण्याच्या टाकीवर त्याचे पैसे घालवायची गरज नाही.

तिसरं, अँटेना. पाहिलेल्या निम्म्या पॅनेलांत रबराची काडी अँटेना लोखंडी पॅनेलच्या आतच असते. घागरीत तोंड घालून हाक मारण्याचा प्रकार. मग कुणीतरी शहाणा ती बाहेर काढतो आणि स्वस्तातली आरजी-५८ केबल दहा मीटर ओढतो. २३०० मेगाहर्ट्झला त्या केबलमध्ये मीटरमागे साधारण एक डेसिबल जातो. दहा मीटरला दहा डेसिबल, म्हणजे सिग्नलचा दहावा हिस्सा उरला. एलएमआर-४०० घेतली तर दोन-सव्वादोन डेसिबलमध्ये काम होतं. ती जाड असते, वळत नाही, मुलं कुरकुर करतात. करू द्या. सर्ज अरेस्टर (विजेचा झटका अडवणारा) लावा आणि त्याची अर्थिंग खरोखर जोडा. जलकुंभ हीच त्या भागातली सगळ्यात उंच वस्तू असते.

चौथं, खाडी. वाशी, ऐरोली, कळव्याच्या बाजूला खारी हवा कनेक्टर खाते. एसएमएच्या सांध्यावर सेल्फ-अमाल्गमेटिंग टेप गुंडाळा. केबलला खाली एक वळसा द्या, म्हणजे पाणी तिथून ठिबकेल, पॅनेलमध्ये शिरणार नाही. पाली आणि उंदीर हा स्वतंत्र धाग्याचा विषय आहे.

तीन_हात_नाका
काका, पालींचा धागा काढाच. शंभरी नक्की.

वागळे_वायर
काका, दंडवत. पंप सुरू होताना साइट ऑफलाइन, हे डिट्टो आमच्या एका जुन्या साइटवर चालू आहे. उद्याच बॅटरी लावून बघतो.

आता सिग्नलचं विचारतो. येऊरच्या पायथ्याच्या दोन टाक्यांवर मोबाइलला दोनच कांड्या दिसतात. राउटर चालेल का?

अनु_ऐरोली
कांड्या विसरा. राउटरच्या पानावर आरएसआरपी (सिग्नलची ताकद, डीबीएममध्ये) आणि एसआयएनआर (गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल) बघा. आरएसआरपी उणे ९० च्या आसपास असेल तर निश्चिंत, उणे ११० च्या खाली त्रास ठरलेला. आरएसआरपी चांगला पण एसआयएनआर शून्याजवळ असेल, तर तुम्हाला एकाच वेळी बऱ्याच टॉवरांचा गोंगाट ऐकू येतोय. टेकडीवरच्या टाकीवर हेच होतं, उंचावरून अख्खं ठाणे दिसतं. तिथे चौफेर अँटेनापेक्षा एका दिशेची बरी. पायथ्याशी, उलट, ८५० किंवा ९०० चा बँड पकडून ठेवता आला तर २३०० पेक्षा जास्त तग धरतो. म्हणजे राउटरमध्ये बँड लॉक करायची सोय हवी. बऱ्याच स्वस्त डब्यांत ती नसते.

आणि मोजणी दुपारी एकदा, रात्री आठ-नऊला एकदा. संध्याकाळी टॉवरखालच्या सगळ्या इमारती व्हिडिओ बघायला बसतात.

वागळे_वायर
ड्युअल सिमचं राहिलंच.

अनु_ऐरोली
ड्युअल सिम म्हणजे बहुतेक वेळा दोन सिम आणि मोडेम एकच. पहिलं सिम पडलं हे कळायला वेळ, मग दुसऱ्यावर नोंदणी, मग व्हीपीएन (कंट्रोल रूमपर्यंतचा सुरक्षित बोगदा) पुन्हा उभा राहणं. मिनिटभर किंवा जास्तही जातं. पाण्याच्या टाकीला ते चालतं. दोन्ही मोडेम कायम चालू हवे असतील तर ड्युअल रेडिओवाला घ्या. तो महाग असतो, सगळीकडे लागत नाही.

सिम बदलायचं कधी, हे राउटर पिंगवरून (समोरून उत्तर येतंय का हे तपासणाऱ्या हाकेवरून) ठरवतो. फॅक्टरीतून तो पिंग बऱ्याचदा ८.८.८.८ ला (इंटरनेटवरचा गूगलचा सर्व्हर) लावलेला येतो. प्रायव्हेट एपीएनवर बाहेरचं इंटरनेट नसतंच, त्यामुळे पिंग कायम नापास आणि राउटर दिवसभर या सिमवरून त्या सिमवर उड्या मारतो. पिंग व्हीपीएनमधून थेट कंट्रोल रूमच्या सर्व्हरला लावा.

आणि दोन कंपन्यांची सिम घेतली म्हणजे दोन टॉवर मिळाले असं समजू नका. एकाच मनोऱ्यावर दोघांची उपकरणं असतात, खाली बॅटरीही सामायिक असू शकते. सेल आयडी बघून खात्री करा.

पारसिक_बोगदा
हे शेवटचं माझ्या डोक्यात कधीच आलं नव्हतं. पैसे वसूल.

घणसोली_गीक
सुरक्षेवर कुणीच बोललं नाही म्हणून येतो. कृपया साधं सिम आणि स्थिर पब्लिक आयपी घेऊन ५०२ पोर्ट (मॉडबसचं दार) बाहेर उघडू नका. मॉडबस १९७९ सालचा आहे, त्याला पासवर्ड ही कल्पनाच माहीत नाही. जो पोचला तो पंप बंद करू शकतो. इंटरनेटला जोडलेली उपकरणं शोधणाऱ्या शोदानसारख्या साइटवर असे उघडे डबे कुणालाही शोधता येतात.

मे २०२३ मध्ये डेन्मार्कमध्ये २२ ऊर्जा कंपन्यांवर हल्ला झाला, तो त्यांनी बाहेरच्या दाराला लावलेल्या फायरवॉलमधल्याच त्रुटीतून. तिचा दुरुस्तीचा पॅच उपलब्ध होता, बऱ्याच ठिकाणी लावलेला नव्हता. डिसेंबर २०२३ मध्ये सिएरा वायरलेस या कंपनीच्या एअरलिंक राउटरांत आणि त्यांतल्या ओपन सोर्स भागांत २१ त्रुटी जाहीर झाल्या. नावाजलेली कंपनी होती म्हणून त्या शोधल्या गेल्या, जाहीर झाल्या आणि पॅच आले. बिननावाच्या डब्यात किती आहेत ते कोण मोजणार?

म्हणून विक्रेत्याला एवढंच विचारा: फर्मवेअरच्या नोंदींचं पान दाखव. शेवटचं अपडेट कधी आलं, किती वर्षं येत राहील. आणि ४६ डब्यांचं फर्मवेअर एका जागेवरून बदलता येतं का, की घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये लॅपटॉप घेऊन फिरायचं?

दिघा_दर्शन
जरा विरोधी सूर लावतो. आमच्या महापेच्या युनिटमध्ये साधा घरगुती ४जी राउटर तीन वर्षं मुकाट चालतोय. एवढं सगळं करून ग्राहकाच्या माथी मारायचं?

कोपरखैरणे_काका
एसीत ठेवलाय का हो?

दिघा_दर्शन
हो. सर्व्हर रूममध्ये.

कोपरखैरणे_काका
मग तुम्ही सांगताय ते खरंच आहे.

पारसिक_बोगदा
:)))) काकांनी भांडण न करता जिंकलं.

मुरबाड_रिटर्न
स्वस्त-महाग वादात एक गोष्ट घाला. डबा कुणाचाही असो, आतलं सेल्युलर मॉड्यूल मोजक्या कंपन्यांचं असतं. त्यातली यू-ब्लॉक्स जानेवारी २०२५ मध्ये जाहीर करून सेल्युलर धंद्यातून बाहेर पडली. सिएरा २०२३ मध्ये सेमटेकने विकत घेतली. तेव्हा आत कोणतं मॉड्यूल आहे, ते किती वर्षं मिळेल, आणि मधेच बदललं तर प्रमाणपत्र नव्याने घेणार का, हे लेखी घ्या. दहा वर्षांच्या कामात दुसऱ्या वर्षी 'मॉडेल बंद झालं सर' ऐकायला वाईट लागतं.

तीन_हात_नाका
अवांतर: एवढ्या चर्चेनंतर मामलेदारची मिसळ कोण देणार? धागाकर्त्याचं ऑफिस लांब नाही.

वागळे_वायर
@तीन_हात_नाका पहिलं बिल पास झालं की. म्हणजे दोन दिवाळ्या धरून चाला.

पारसिक_बोगदा
मूळ प्रश्नाकडे येतो. पंप आणि त्याने भरायची टाकी एकाच जागी आहेत का? घोडबंदरच्या बाजूला बऱ्याचदा पंप खाली रस्त्यालगत आणि टाकी वर टेकडीवर असते. टाकीची पातळी सेल्युलरने कंट्रोल रूमला आणि तिथून पंपाला जात असेल, तर मधलं काहीही पडलं की टाकी वाहणार किंवा रिकामी होणार.

वागळे_वायर
बरोबर ओळखलंत. अशा ११ जोड्या आहेत. सध्या तिथे वर माणूस बसतो, तो फोन करतो.

पारसिक_बोगदा
मग त्या ११ जोड्यांना राउटरच्या भरवशावर ठेवूच नका. ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ आपल्याकडे विनापरवाना वापरता येतं. टाकीवरून पंपापर्यंत नजर जात असेल तर लोरासारखा छोटा रेडिओ पातळीचा एक आकडा आरामात पोचवतो. त्यालाही ईटीए लागते, फाईलसाहेब ओरडायच्या आत सांगतो. सेल्युलर फक्त कंट्रोल रूमला दाखवण्यासाठी आणि हुकूम देण्यासाठी. पंप बंद करायचं डोकं खालच्या पीएलसीतच असू दे. पातळीचा आकडा ठरावीक वेळात आला नाही, तर टाकी भरली असं धरून पंप थांबवायचा की वेळापत्रकावर चालवायचा, हे पालिकेच्या अभियंत्याकडून लिहून घ्या. त्यावरच सगळ्यात जास्त वाद होतो.

फाईल_क्रमांक
ईटीएचं तुम्हीच बोललात, आभार.

वागळे_वायर
तर आता माझ्यापुरतं असं ठरतंय. साध्या टाक्या आणि बूस्टरवर कॅट ४, एक मोडेम, दोन सिम, बँड लॉक, ९-३६ व्होल्ट, मागे बॅटरी. मलनिःसारणाच्या ९ स्टेशनांवर ड्युअल रेडिओ, आणि तिथे फायबर येतंय का याची चौकशी. ११ जोड्यांना मधला रेडिओ. ५जी फक्त कंट्रोल रूमच्या बाजूला, तेही लीज्ड लाइनला पर्याय म्हणून. 'प्रायव्हेट एलटीई रेडी'बद्दल कन्सल्टंटला पत्र लिहून बँड कोणता ते विचारतो. ऑर्डरआधी तीन वेगवेगळ्या कंपन्यांचे डबे येऊर, दिवा आणि मानपाड्याला महिनाभर लावून ठेवणार.

अनु_ऐरोली
महिना पावसाळ्यातला निवडा.

घणसोली_गीक
आणि चाचणीला आलेले डबे परत करताना त्यातलं कॉन्फिगरेशन पुसा. एपीएन आणि व्हीपीएनच्या किल्ल्या विक्रेत्याच्या गोडाऊनमध्ये जातात.

कोपरखैरणे_काका
एक विचारायचं राहिलं. सिम कुणाच्या नावावर?

वागळे_वायर
मुख्य कंत्राटदाराच्या. देखभालीच्या पाच वर्षांचं बिल तोच भरणार, असं सध्या ठरलंय.

कोपरखैरणे_काका
आणि सहाव्या वर्षी?

फाईल_क्रमांक
काकांनी नेमकं बोट ठेवलं. कंत्राट संपल्यावर किंवा पैशांवरून वाजल्यावर कंत्राटदाराने सिम बंद केली, तर ४६ साइट एका दिवसात आंधळ्या. एपीएन आणि सिम पहिल्या दिवसापासून पालिकेच्या नावावर घ्या. मासिक बिल देखभालीच्या रकमेतून वेगळं काढून पालिकेने थेट टेलिकॉम कंपनीला द्यायचं, असं कलम टाका. ते निविदेत नसेल तर प्री-बिडच्या (निविदा भरण्याआधीच्या बैठकीच्या) प्रश्नांत टाका. उत्तर लेखी येतं आणि कराराचा भाग होतं.

वागळे_वायर
प्री-बिड होऊन गेलंय. मुख्य कंत्राटदाराशी बोलून कार्यकारी अभियंत्यांना पत्र देतो. फाईलसाहेब, कलमाचा मसुदा असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा ना.

फाईल_क्रमांक
केला.